कल्याणच्या तबकड्या, उटीचा चंद्र आणि खोडदची जाळी

१९६५ च्या एप्रिलमध्ये मुंबईजवळच्या कल्याण येथे बत्तीस लहान तबकड्या सूर्याकडे तोंड करून कामाला लागल्या. प्रत्येकीचा व्यास जेमतेम ६ फूट. त्यांपैकी चोवीस तबकड्या पूर्व-पश्चिम रांगेत होत्या आणि त्या रांगेची लांबी होती ६३० मीटर. उरलेल्या आठ उत्तर-दक्षिण रांगेत, २५६ मीटर अंतरात पसरलेल्या. या तबकड्या नव्या कोऱ्या नव्हत्या. सिडनीमध्ये त्यांची एक कारकीर्द होऊन गेली होती. तेथे त्यांची गरज संपली, त्या भारताला भेट मिळाल्या आणि नंतर दिल्लीत काही वर्षे नुसत्या पडून राहिल्या.

नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, महाराष्ट्रात बहुतेकांना ऐकून तरी ठाऊक असते. तिची कथा सहसा खोडदपासूनच सांगितली जाते. ती खरी सुरू होते कल्याणच्या या वापरलेल्या तबकड्यांपासून. आणि त्या कथेच्या मुळाशी आहे प्रकाशाची एक खोड: फटीतून बाहेर पडताना पसरण्याची आणि अडथळ्याच्या कडेवरून आत वळण्याची. मराठी पाठ्यपुस्तकांत तिला विवर्तन म्हणतात. प्रश्नपत्रिकेत दोन-तीन गुणांना येणारा हा शब्द भारतीय रेडिओ खगोलशास्त्राच्या पहिल्या चाळीस वर्षांचा कणा आहे.

जुन्या वाड्यात ओसरीवर बसलेल्या माणसाला माजघरातले बोलणे ऐकू येते, पण बोलणारा दिसत नाही. दरवाजा दोघांसाठी तोच असतो. मग आवाज वळतो आणि प्रकाश का वळत नाही? उत्तर तरंगाच्या लांबीत आहे. बोलण्याच्या आवाजाची तरंगलांबी साधारण मीटरभर, म्हणजे जवळजवळ दरवाजाच्या रुंदीएवढी. एवढा मोठा तरंग एवढ्या उघड्या जागेतून जाताना चहूकडे पसरतो. डोळ्यांना दिसणारा प्रकाश मात्र मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा. त्याच्या मानाने दरवाजा प्रचंड, म्हणून तो जवळजवळ सरळ रेषेत निघून जातो. ‘जवळजवळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा. प्रकाशही वळतोच, फक्त त्याचे वळणे पाहायला फट फार बारीक लागते.

ही बारीक फट प्रथम काळजीपूर्वक पाहिली इटलीतील बोलोन्या येथील जेझुइट पाद्री फ्रांचेस्को मारिया ग्रिमाल्दी यांनी. अंधाऱ्या खोलीत लहान छिद्रातून आलेल्या प्रकाशात त्यांनी वस्तू धरल्या, तेव्हा सावलीच्या कडेला रंगीत पट्टे दिसले आणि सावलीचे माप सरळ रेषांच्या हिशेबात बसेना. ग्रिमाल्दी १६६३ मध्ये वारले. त्यांचे पुस्तक १६६५ मध्ये, मरणोत्तर, प्रसिद्ध झाले. या घटनेला नाव देण्याचा मान त्यांचाच. पुढे न्यूटनने हे पट्टे पाहिले, पण प्रकाश कणांचा बनलेला आहे ही धारणा त्याने सोडली नाही, आणि न्यूटनच्या नावाचा दबदबा एवढा की विषय शंभर वर्षे मागे पडला. मोठ्या माणसाच्या चुकीची किंमत बहुधा अशीच मोजावी लागते.

मधल्या काळात अमेरिकेत एक गमतीची गोष्ट घडली. १७८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी रेशमी रुमालातून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहिले आणि त्यांना धाग्यांच्या जागी दुसऱ्याच रेघा दिसल्या. त्यांनी मित्र डेव्हिड रिटनहाउस यांना पत्र लिहिले. रिटनहाउस यांनी बारीक आट्यांच्या दोन स्क्रूंवर पन्नासेक केस समांतर ताणून बसवले आणि त्यांच्या फटींतून प्रकाश पाहिला. एका दिव्याचे अनेक दिवे झाले, ठरावीक कोनांवर, रांगेत. हे जगातले पहिले ग्रेटिंग, म्हणजेच विवर्तन जालक. ज्याला पडताळा पाहायचा असेल त्याने आजही रात्री काळ्या छत्रीच्या कापडातून दूरच्या दिव्याकडे पाहावे.

जालकाची युक्ती अशी. समान अंतरावरच्या प्रत्येक फटीतून तरंग पसरतो. सर्व फटींतले हे पसरलेले तरंग एकमेकांत मिसळतात. काही मोजक्या दिशांना सर्वांचे उंचवटे एकाच वेळी पोहोचतात आणि तेथे प्रकाश लख्ख होतो. बाकीच्या दिशांना एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर पडतो आणि अंधार होतो. फटींची रांग जितकी लांब, तितक्या या लख्ख रेषा बारीक. फटींमधले अंतर जितके कमी, तितक्या रेषा एकमेकींपासून दूर. एवढी दोन वाक्ये ध्यानात ठेवली की कल्याणची दुर्बीण समजली.

एकोणिसाव्या शतकात थॉमस यंग आणि ऑगस्टिन फ्रेनेल यांनी तरंगांचे गणित पुन्हा उभे केले. फ्रेनेलच्या निबंधावर परीक्षक पॉइसाँ यांनी घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे. हे गणित खरे मानले तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा, आणि असे काही तर होत नाही, असे त्यांचे म्हणणे. आरागो यांनी प्रयोग केला. ठिपका होता. १८१९ मध्ये फ्रेनेलला पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले.

आता सिडनी. १९५१ मध्ये पॉट्स हिल येथील जलाशयाच्या काठावर विल्बर ख्रिस्तियान्सन या अभियंत्याने ३२ लहान तबकड्या ७-७ मीटर अंतरावर एका रांगेत उभ्या केल्या. काम करायचे होते सूर्याकडून येणाऱ्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ तरंगांवर. रेडिओ तरंग म्हणजे प्रकाशच, फक्त लाखो पट लांब. (वर्तमानपत्रे अधूनमधून ‘अवकाशातले आवाज ऐकणारी दुर्बीण’ असे लिहितात. ते चूक आहे. रेडिओ दुर्बीण ऐकत नाही, पाहते.) लांब तरंगांची अडचण ही की विवर्तनामुळे लहान तबकडी फारच पुसट पाहते. तबकडी हीसुद्धा एक उघडी फटच आहे आणि तरंग तिच्या मानाने जितका मोठा, तितका तो पसरतो.

ख्रिस्तियान्सनने अडचणीतूनच वाट काढली. रिटनहाउसचे केस तसे त्याच्या तबकड्या. ३२ तबकड्या तारांनी एकत्र जोडल्यावर ते रेडिओ तरंगांचे जालक झाले. रांग २१७ मीटर लांब, म्हणून तिची प्रत्येक ‘नजर’ सुमारे ३ कला रुंद. (जुन्या ज्योतिषगणितातले माप येथे सोयीचे आहे: एका अंशात ६० कला, एका कलेत ६० विकला. सूर्य आणि चंद्र सुमारे ३० कलांचे.) तबकड्यांतले अंतर ७ मीटर, म्हणून दोन नजरांमध्ये दीड अंशाहून अधिक फरक. सूर्य अर्ध्या अंशाचा, त्यामुळे एका वेळी एकच नजर त्याच्यावर पडे. पृथ्वी फिरत राही आणि सूर्य एकेका नजरेखालून सरकत जाई.

१९५३ मध्ये कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर दोन भारतीय तरुण सिडनीला पोहोचले: गोविंद स्वरूप आणि आर. पार्थसारथी. स्वरूप अलाहाबाद विद्यापीठाचे, वय २४. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ते के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली काम करीत होते. हे कृष्णन म्हणजे रामन परिणामाच्या शोधातील रामन यांचे सहकारी. १९५२ च्या सिडनीतील आंतरराष्ट्रीय परिषदेला गेले असताना त्यांनी रेडिओ खगोलशास्त्राची झेप पाहिली होती आणि हे काम भारतात व्हावे असे त्यांना वाटत होते.

सिडनीत या दोघांनी पॉट्स हिलची रांग ६० सेंटिमीटरच्या तरंगांसाठी बदलून घेतली आणि तिच्याने सूर्य पाहिला. तोवर ख्रिस्तियान्सन नव्या, मोठ्या रचनेच्या मागे लागला होता. जुनी रांग मोडीत निघणार हे दिसताच स्वरूप यांनी विभागप्रमुख जोसेफ पॉझी यांच्याकडे या तबकड्या भारतासाठी मागितल्या. पॉझी राजी झाले, कृष्णनही राजी झाले. अडले ते जहाजाच्या भाड्यापाशी. स्वरूप १९५५ मध्ये दिल्लीला परतले, वाट पाहिली, आणि तबकड्यांचा पत्ता नाही हे पाहून १९५६ मध्ये अमेरिकेला गेले. तबकड्या नंतर आल्या, तेव्हा त्या चालवणारा माणूस देशात नव्हता.

१९६१ मध्ये स्वरूप यांच्यासह टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन या परदेशातील चार भारतीयांनी मायदेशी रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारण्याचा प्रस्ताव येथील संस्थांना पाठवला. १९६२ च्या जानेवारीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून होमी भाभांची होकाराची तार गेली. स्वरूप १९६३ मध्ये कुलाब्याला रुजू झाले. दिल्लीत पडून असलेल्या तबकड्या मागवून घेण्यात आल्या, आणि नव्याने भरती झालेल्या, दुर्बीण कधी न बांधलेल्या तरुणांच्या हातांनी त्या कल्याणला उभ्या राहिल्या.

कल्याणचे काम होते ६१० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे ४९ सेंटिमीटर तरंगांवर. अशा तरंगांसाठी ६ फुटी एकटी तबकडी जवळजवळ आंधळीच. तिची नजर सुमारे १५ अंशांची. तेवढ्यात तीस सूर्य शेजारीशेजारी मावतील. पण त्याच तबकड्या ६३० मीटरच्या रांगेत जोडल्या की नजर सूर्याच्या बिंबाच्या सुमारे बाराव्या भागाइतकी बारीक होते. तेवढी नजर एकाच तबकडीतून हवी असती तर ती अर्ध्या किलोमीटरहून रुंद लागली असती, आणि तशी तबकडी त्या वेळी श्रीमंत देशांनाही परवडत नव्हती. कल्याणच्या रांगेने १९६५ ते १९६८ या काळात शांत आणि खवळलेला असा दोन्ही सूर्य पाहिला. या तरंगांत सूर्याच्या बिंबाची कड मध्यापेक्षा उजळ दिसते आणि किरीटाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे, असे तिने दाखवले.

येथवर फटींचे विवर्तन झाले. पुढचा टप्पा अडथळ्याचा, आणि हा अडथळा होता खुद्द चंद्र.

आकाशातले दूरचे रेडिओ स्रोत सूर्यासारखे मोठे दिसत नाहीत. त्यांचे आकार काही विकलांचे. कल्याणसारखी रांग वापरायची तर ती कित्येक किलोमीटर लांब हवी. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथे सिरिल हॅझर्ड आणि सहकाऱ्यांनी दुसराच मार्ग दाखवला. चंद्र ३सी २७३ या रेडिओ स्रोतासमोरून गेला, त्याला झाकून पुन्हा उघडे केले. खगोलशास्त्रात याला पिधान म्हणतात. चंद्राची कड कधी कोठे असते हे अचूक ठाऊक असते, म्हणून स्रोताची जागा आणि आकार काटेकोर मिळाला. त्याच्या आधारेच मार्टिन श्मिट यांनी १९६३ मध्ये पहिला क्वेसार ओळखला.

पण चंद्राची कड म्हणजे प्रकाश सरळ कापणारा सुरा नव्हे. स्रोत कडेआड जाताना तो दिवा मालवावा तसा मालवत नाही. आधी तो मूळ तेजाच्या सुमारे ३७ टक्के अधिक उजळ होतो, मग कमी, मग पुन्हा अधिक. हे हेलकावे झाल्यावर तो नेमका कडेवर येतो तेव्हा त्याचे तेज मूळच्या बरोबर पाव असते. आणि कडेआड गेल्यावरही वळून आलेले तरंग हळूहळू विरत जातात. हे सारे फ्रेनेलचे गणित आहे, फक्त खोलीतल्या सुईच्या जागी चंद्र आणि पडद्याच्या जागी पृथ्वी. मीटरभर तरंगांसाठी या हेलकाव्यांतला मुख्य पट्टा पृथ्वीवर दहा-पंधरा किलोमीटर रुंद पडतो. चंद्राची सावली सेकंदाला किलोमीटरच्या आसपास सरकते, म्हणून दुर्बिणीला तो दहा-पंधरा सेकंदांत दिसून जातो.

हे हेलकावे पूर्वी उपद्रव मानले जात. कडच पुसट, तर तिच्याने बारीक माप कसे घ्यावे? पीटर शॉयर यांनी १९६२ मध्ये गणिताने दाखवून दिले की हेलकाव्यांची नोंद पुरेशी स्वच्छ असेल तर त्यांतून स्रोताचा आकार परत काढता येतो. स्रोत अगदी बिंदूसारखा असेल तर हेलकावे तीव्र येतात. स्रोत पसरट असेल तर ते एकमेकांवर चढून बोथट होतात. ते किती बोथट झाले, यावरून स्रोत किती पसरट ते कळते.

स्वरूप यांनी हॅझर्ड यांचे काम १९६३ मध्येच वाचले होते. हेलकाव्यांची स्वच्छ नोंद हवी तर दुर्बीण मोठी हवी आणि ती तासन्‌तास चंद्राच्या मागे फिरायला हवी. अशी दुर्बीण स्वस्तात कशी बांधावी, याचे त्यांनी दिलेले उत्तर आजही पाहण्यासारखे आहे. निलगिरीत उटीजवळ मुथोरई येथे त्यांना असा डोंगरउतार सापडला की त्याचा चढ तेथील अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश. त्या उतारावर उत्तर-दक्षिण ठेवलेली पन्हळ आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर होते, आणि ती एकाच दिशेने फिरवली की चंद्र साडेनऊ तास नजरेत राहतो. पन्हळीची लांबी ५३० मीटर, रुंदी ३० मीटर, आणि परावर्तक म्हणून पत्रा न घालता ताणलेल्या पोलादी तारा, सुमारे ११००. तरंगलांबी ९२ सेंटिमीटर, म्हणजे माजघरातल्या बोलण्याएवढीच. १९७० च्या फेब्रुवारीत तिने पहिले पिधान टिपले. १९६६ मध्ये विमान अपघातात गेलेले भाभा ते पाहायला नव्हते.

पुढच्या काही वर्षांत उटीने हजाराहून अधिक स्रोतांची पिधाने नोंदवली, आणि तेथे या कथेला एक मराठी पदर येऊन मिळतो. विश्व सर्वकाळ एकसारखेच आहे असे मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धान्ताचे फ्रेड हॉइल यांच्यासोबतचे खंदे समर्थक होते कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. १९७२ मध्ये ते केंब्रिजहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच दाखल झाले. १९७५ मध्ये त्याच संस्थेतल्या स्वरूप आणि विजय कपाही यांनी उटीची मापे मांडली. मंद, म्हणजे सरासरीने अधिक दूरचे, स्रोत आकाराने लहान दिसत होते. कपाहींच्या विश्लेषणानुसार केवळ अंतराने त्याचा हिशेब लागत नव्हता. पूर्वीच्या विश्वात हे स्रोत मुळातच वेगळे होते असे मानावे लागत होते. म्हणजे विश्व बदलते. साक्ष महास्फोटाच्या बाजूने गेली. नारळीकरांनी आपली भूमिका सोडली नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारित सिद्धान्तही मांडला. एकाच छताखाली सिद्धान्त आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा शेजारी नांदले, ही त्या संस्थेच्या इतिहासातली मोलाची बाब आहे.

चंद्राची मर्यादा मात्र उघड होती. तो आकाशाच्या जेमतेम दहाव्या भागातून फिरतो आणि कोणता स्रोत कधी झाकायचा ते स्वतः ठरवतो. सारे आकाश पाहायचे तर पुन्हा तबकड्यांकडे, कल्याणच्या कल्पनेकडे, पण शेकडो पटींनी मोठ्या प्रमाणावर परतावे लागणार होते. ही जागा मिळाली जुन्नर तालुक्यात, खोडदला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या: १४ मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या चौकात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फांद्यांवर, २५ किलोमीटरपर्यंत. एकटी तबकडी मीटरभर तरंगांत पूर्ण चंद्राच्या दुपटीहून मोठा भाग एकच ठिपका म्हणून पाहते. तीसही मिळून, २१ सेंटिमीटर तरंगांत, सुमारे २ विकलांपर्यंत पाहतात. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती राष्ट्राला अर्पण झाली.

खोडदला जाणारा माणूस तबकडीखाली उभा राहून वर पाहतो आणि चकित होतो, कारण तबकडीतून आकाश दिसते. ती भरीव नाहीच. दोरांसारख्या ताणलेल्या पोलादी तारांवर बारीक तारेची जाळी, भोके १ ते २ सेंटिमीटरची. ऊन त्यातून खाली येते, वारा पार होतो. २१ सेंटिमीटरच्या तरंगाला मात्र एवढ्या भोकातून फारसे बाहेर पडता येत नाही. त्याच्या लेखी ही भिंतच, म्हणून तो उलटा फिरतो. वारा अडत नाही म्हणून सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणून खर्च कमी. फट आणि तरंग यांच्या मापांचे जे नाते ग्रिमाल्दींच्या खोलीत दिसले, त्याच नात्यावर खोडदची काटकसर उभी आहे.

तेच नाते खोडदला त्रासही देते. भोवतीचे डोंगर शहरांतले प्रक्षेपण अडवतात, हा त्या जागेचा एक मोठा गुण. पण मीटरभर तरंगांसाठी डोंगराची धार म्हणजे पुन्हा चंद्राचीच कड. धारेच्या बरोबर रेषेत त्यांची शक्ती शून्य होत नाही, पाव उरते, आणि धारेमागे ते वळत राहतात. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की त्याच्यापुढे डोंगरामागून वळून आलेला थोडासा गोंगाटही पुष्कळ होतो. म्हणून केवळ डोंगरांवर विसंबता येत नाही. दुर्बिणीभोवतीच्या मोठ्या परिसरात कारखाने आणि प्रक्षेपक यांवर निर्बंध आहेत, आणि पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नियोजित मार्गही याच कारणाने वादात सापडला. रेल्वे हवी असलेल्या जुन्नर, नारायणगावच्या लोकांचे म्हणणे एका बाजूला, दुर्बिणीचे दुसऱ्या बाजूला. मार्ग दुर्बिणीपासून दूर नेण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली आहे, आणि जुना मार्गच हवा ही मागणी त्या भागात सुरू आहे.